बाजाराचे धडे आणि लष्कराची बुद्धी



आजच्या विषयाचं नाव जरा अवजड आहे. 'ऑर्गनायझेशनल इंटेलिजन्स', म्हणजे संस्थेची बुद्धी. एखादी कंपनी, एक संस्था म्हणून, भोवतालच्या जगाची खबर कशी घेते, त्या खबरीचा अर्थ कसा लावते आणि त्याप्रमाणे स्वतःला कशी बदलते, याचा हा अभ्यास. व्यवस्थापनशास्त्रात यावर पुस्तकांचा ढीग आहे. पीटर सेंगे यांचं 'द फिफ्थ डिसिप्लिन' १९९० साली आलं आणि 'शिकणारी संस्था' ही कल्पना घरोघरी नाही तरी कचेरी-कचेरीत पोचली. आता त्याच्या पुढची सूचना अशी केली जाते, की कंपन्यांना जे जमलं ते लष्करानेही करावं. उद्योगाचे धडे पलटणीला शिकवावेत.

मला या सूचनेची चिकित्सा करायची आहे. ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण धडा उचलताना तो ज्या जमिनीवर उगवला ती जमीन आपण मागेच ठेवतो, आणि मग धडा उलटा पडतो, असं माझं म्हणणं आहे. ते मी ज्यांच्या उदाहरणावरून मांडणार आहे ते आपल्या कोल्हापूरचेच: लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, म्हणजे एस. पी. पी. थोरात. तरुण मंडळींपैकी अनेकांना हे नाव ठाऊक नसेल. त्यांच्यापर्यंत येतो, पण त्याआधी दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

पहिली पायरी शब्दाची. इंग्रजीत 'इंटेलिजन्स' या एकाच शब्दात दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे बुद्धी. दुसरी म्हणजे शत्रूची खबर, जी हेर आणतात. मराठीत आपण हे दोन वेगळे ठेवतो. बातमी वेगळी, अक्कल वेगळी. आपली भाषा इथे जास्त शहाणी आहे असं मला वाटतं, कारण बातमी हाती असूनही अक्कल नसणं शक्य आहे हे ती आपल्याला विसरू देत नाही. हॅरॉल्ड विलेन्स्की नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली 'ऑर्गनायझेशनल इंटेलिजन्स' याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात सरकारं आणि उद्योग दोन्ही घेतलेत, आणि त्याचा रोख साधारण असा आहे: संस्था चुकतात त्या दरवेळी माहिती नव्हती म्हणून चुकत नाहीत. माहिती वरच्या माणसापर्यंत जाताना उतरंडीत अडकते, गाळली जाते, गोड केली जाते, किंवा एका खात्याची दुसऱ्याला कळत नाही. हे पुस्तक आज फारसं कुणी वाचत नाही. वाचलं असतं तर पुढची बरीच पुस्तकं लिहावी लागली नसती.

दुसरी पायरी: कोण कोणाला शिकवतंय? उद्योगाचे धडे लष्कराला द्यायचे म्हणतो तेव्हा आपण गृहीत धरतो की धडे मुळात उद्योगाचे आहेत. तसं नेहमी नसतं. कंपन्यांत आज 'आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू' नावाची बैठक घेतात. काम संपलं की सगळ्यांनी बसायचं: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला. ही पद्धत मूळची अमेरिकन लष्कराची. व्हिएतनामनंतर त्यांनी सराव केंद्रं उभी केली, तिथे ती रुजली आणि नंतर कंपन्यांनी उचलली. म्हणजे लष्कराचाच माल नवं वेष्टन चढवून लष्कराला परत विकला जातोय.

रॉबर्ट मॅकनमारा यांची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी हवाई दलात आकडेवारीचं काम करत होते. ते तंत्र घेऊन फोर्ड मोटर कंपनीत गेले, १९६० साली तिचे अध्यक्ष झाले, आणि १९६१ साली केनेडींनी त्यांना संरक्षणमंत्री केलं. अत्यंत हुशार माणूस. त्यांनी उद्योगातली शिस्त संरक्षण खात्यात आणली: प्रत्येक गोष्ट मोजा. अंदाजपत्रकात तिचा उपयोगही झाला. पण व्हिएतनामच्या जंगलात काय मोजणार? जमीन जिंकून ठेवायची नव्हती, म्हणून शत्रूचे मृतदेह मोजले गेले. आणि ज्या अधिकाऱ्याची बढती त्या आकड्यावर अवलंबून, त्याच्याकडूनच आकडा मागितला गेला. आकडे फुगले. वर बसलेल्यांना दिसत होतं की आपण जिंकतोय.

आता तिसरी पायरी. ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. फोर्डमध्ये जे चाललं ते व्हिएतनाममध्ये का चाललं नाही?

शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एखाद्या फाउंड्रीत जाऊन बघा. कास्टिंग ओतलं. वाळूत ओल जास्त होती, आत ब्लो होल राहिलं. हे किती दिवस लपेल? मशीन शॉपला लागलं की दिसेल. तिथे निसटलं तर गिऱ्हाईक माल परत पाठवेल आणि बिलातून पैसे कापेल. महिनाअखेरीला रिजेक्शनचा आकडा मालकासमोर येतो. फोरमनने कितीही गोड बोलून सांगितलं की सगळं ठीक आहे, तरी परत आलेला माल अंगणात पडलेला असतो. आणि मालकाने हे सगळं बघूनही काही केलं नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या फाउंड्रीत जातं. कारखाना बंद पडतो. त्याच जागेवर दुसरा उभा राहतो, जो वाळू नीट तपासतो.

आता सांगा, यात शिकलं कोण? पहिला कारखाना शिकला का? नाही. तो मेला. शिकला तो बाजार. उद्योगात जी बुद्धी आपल्याला दिसते, तिच्यातली बरीच बुद्धी कंपनीच्या डोक्यात नसते. ती या रचनेत असते, की गिऱ्हाईक सोडून जाऊ शकतं आणि न शिकणारी कंपनी बुडू शकते. कोडॅकचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना त्यांच्याच एका इंजिनिअरने १९७५ साली बनवला. बातमी घरातच होती! तरी २०१२ साली कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पण जगाचं काय नुकसान झालं? फोटो काढायचे थांबले नाहीत. दुसऱ्यांनी कॅमेरे विकले. 'शिकणाऱ्या संस्थां'ची पुस्तकं उरलेल्या कंपन्यांकडे बघून लिहिली जातात, बुडालेल्यांच्या मुलाखती कोण घेतो?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली यासाठी एक सोपी मांडणी दिली. संस्था बिघडू लागली की तिच्यातल्या माणसापुढे दोन वाटा असतात. सोडून जाणं, किंवा आत राहून बोलणं. बाजार मुख्यतः पहिल्या वाटेवर चालतो. भाजीवाल्याशी आपण वाद घालत नाही, पुढच्या गाडीवर जातो.

लष्कराला ही वाट नाही. जवान पलटण आवडली नाही म्हणून शेजारच्या पलटणीत जाऊ शकत नाही. नागरिक दुसऱ्या देशाचं लष्कर भाड्याने घेऊ शकत नाही. आणि लष्कर बुडून त्या जागी दुसरं, अधिक हुशार लष्कर उभं राहील, असा प्रयोग कुठल्याही देशाला परवडत नाही. शिवाय फाउंड्रीत रिजेक्शन महिन्याला कळतं, लष्कराचा माल खऱ्या अर्थाने तपासला जातो तो वीस वर्षांतून एकदा, आणि तेव्हा परत येतात ती माणसांची शवं. म्हणून लष्कराला हर्शमनची दुसरी वाटच उरते. आत राहून बोलणं, आणि ते ऐकलं जाणं. पण नेमकं हेच लष्कराला अवघड जातं, कारण तिथे बोलणं बेशिस्तीच्या फार जवळ राहतं.

आता थोरातांकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या जानेवारीत, ब्रह्मदेशात कांगॉची लढाई झाली. त्यात एका ब्रिगेडमध्ये तीन भारतीय अधिकारी आपापल्या बटालियनचं नेतृत्व करत होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हा शौर्याचा सन्मान मिळाला. १९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, त्यांच्या अखत्यारीत. तिथली स्थिती पाहून त्यांनी ८ ऑक्टोबर १९५९ रोजी लष्करी मुख्यालयाला एक टिपण पाठवलं. त्याचा आशय असा: चीनकडून धोका खरा आहे. सीमेवरच्या लहान चौक्या मोठा हल्ला थोपवू शकणार नाहीत. खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोचते तिथे द्यावी लागेल, आणि त्यासाठी अमुक इतकं सैन्य आणि रस्ते लागतील.

ते टिपण लिहून थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी एक सराव घेतला, 'लाल किला' नावाचा. चीन आला तर काय होईल, हे नकाशावर खेळून पाहिलं. उपलब्ध सैन्यानिशी पुढच्या चौक्या टिकणार नाहीत, हाच निष्कर्ष.

हे आजच्या भाषेत काय आहे? भोवतालचं निरीक्षण आहे, अर्थ लावणं आहे, प्रयोग करून अंदाज तपासणं आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकातले सगळे रकाने भरले. कुणी सल्लागार बोलावला असता तर त्याने पूर्व विभागाला शंभरपैकी नव्वद गुण दिले असते.

आणि पुढे? लष्करप्रमुख थिमय्यांना टिपण पटलं. त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेलं. मेनन यांना ते उगाच भीती दाखवणारं वाटलं. १९६१ साली थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांचं नाव सुचवलं होतं, नेमणूक जनरल थापर यांची झाली. थोरातही त्याच वर्षी निवृत्त झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे, आणखी पुढे चौक्या टाकायचं धोरण ठरलं, म्हणजे टिपणात जे सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीकाठी ब्रिगेडिअर दळवींच्या ब्रिगेडवर हल्ला झाला. अनेक जवानांच्या अंगावर हिवाळी कपडेसुद्धा नव्हते. महिन्याभरात से ला आणि बोमडिला पडलं.

पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावलं. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात या भेटीची हकीकत दिली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे नेहरूंनी ते टिपण तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि ते आधी आपल्याला का दाखवलं नाही असं विचारलं. थोरातांनी उत्तर दिलं की ते मेनन यांनाच विचारावं लागेल.

ही एका बाजूची हकीकत आहे, हे ध्यानात ठेवा. मेनन यांची बाजू वेगळी असू शकते, आणि १९६२ चं सगळं खापर एका माणसावर फोडणं मला मान्य नाही. नेहरूंनाही धोक्याच्या इतर सूचना मिळत होत्या. पैसा नव्हता, रस्ते नव्हते, पाकिस्तानचा प्रश्न समोर होता. पण एक गोष्ट कुणाच्याही बाजूने पाहिली तरी तशीच राहते. त्या टिपणाला 'आम्हाला हे पटत नाही, आणि याची कारणं अशी' असं सकारण उत्तर देणं कुणावर बंधनकारक नव्हतं. टिपण नाकारायला काही किंमत पडत नव्हती. फाउंड्रीत परत आलेला माल अंगणात पडून राहतो, तो झाकता येत नाही. टिपण मात्र कपाटात जातं.

आणखी एक संदर्भ बघा. थोरातांच्या टिपणाच्या जेमतेम सव्वा महिना आधी, ऑगस्ट १९५९ च्या शेवटी, थिमय्यांनी मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला होता. नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला, आणि मग संसदेत त्यांच्यावर टीकाही झाली. म्हणजे सोडून जाण्याची वाट वापरून पाहिली, ती बंद निघाली. बोलण्याची वाट थोरातांनी वापरली, ती कपाटात संपली. आता त्या काळातल्या एखाद्या कर्नलने यातून काय धडा घेतला असेल? संस्था शिकली नाही असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. संस्था शिकली. गप्प बसायला शिकली.

म्हणून माझी उद्योगाच्या धड्यांवर मुख्य टीका अशी. हे धडे बहुतेक वेळा माहिती गोळा करण्याविषयी आणि ती वाटण्याविषयी असतात. नवी यंत्रणा, नवे पडदे, नवे तक्ते. लष्करात अडचण बहुधा तिथे नसते. अडचण असते ती नको असलेली बातमी ऐकणाऱ्यावर येणाऱ्या बंधनाची. बाजारात ते बंधन गिऱ्हाईक घालतं, म्हणून व्यवस्थापनाच्या पुस्तकांना त्याची वेगळी चर्चा करावी लागत नाही. लष्करात ते हाताने बांधावं लागतं.

कुणी म्हणेल, सर, हे साठ वर्षांपूर्वीचं झालं. ठीक. कारगिल घेऊ. १९९९ च्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने काही महिन्यांत अहवाल दिला आणि काही भाग वगळून तो छापलाही गेला. निरनिराळ्या यंत्रणांकडे तुकडे होते, ते एकत्र जोडले गेले नाहीत, हे त्यात आलं. त्यानंतर मंत्रिगट बसला आणि २००१ साली त्याने तिन्ही दलांना मिळून एक प्रमुख असावा अशी शिफारस केली. तो प्रमुख प्रत्यक्षात पदावर आला १ जानेवारी २०२० रोजी. जवळजवळ एकोणीस वर्षं. एवढ्या काळात बाजारात दहा कंपन्या बुडून दहा नव्या आल्या असत्या. तरी हे १९६२ पेक्षा बरं. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ साली तयार झाला. आपल्या यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून त्याचा सारांश लोकसभेत सांगितला. मूळ अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही.

आता दोन आक्षेप. पहिला: लष्करात प्रत्येकाने मत द्यायला लागलं तर लढाई कशी होणार? बरोबर आहे. पण निर्णयाआधीचं बोलणं आणि हुकुमानंतरचं बोलणं यात फरक आहे. जर्मन लष्करी परंपरेत वरिष्ठाने उद्दिष्ट सांगायचं आणि ते कसं साधायचं हे बरंचसं खालच्यावर सोडायचं अशी रीत होती. शिस्तीत कमी म्हणून त्यांना कुणी हसलं नाही. थोरातांनीही हुकूम मोडला नव्हता. त्यांनी हुकूम निघण्याआधी लिहिलं.

दुसरा आक्षेप: मग उद्योगाकडून काहीच घ्यायचं नाही का? घ्या की. पण अवघड धडा घ्या, स्वस्तातला नको. जपानच्या नोनाका आणि ताकेउची यांनी १९९५ साली दाखवलं की कंपनीचं मोलाचं ज्ञान कागदावर नसतं, ते मुरलेल्या कामगाराच्या हातात असतं. लष्करात ते जुन्या हवालदार-सुभेदाराकडे असतं. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात. सरकारचं कारण असं, की सैन्याचं सरासरी वय बत्तीसवरून सव्वीसवर यावं, दल तरुण राहावं. कारण विचार करण्यासारखं आहे. पण उद्योगातला कुठलाही जाणता माणूस लगेच विचारेल: जे पंचाहत्तर टक्के जातील त्यांच्याबरोबर काय जाईल, आणि ते कसं मोजणार? आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरातून माणूस फौजेत गेलेला. या प्रश्नाचं उत्तर आपल्याला विद्वत्तेसाठी नको आहे. आपली पोरं तिथे आहेत.

शेवटी, करायचं काय? माझी सूचना अगदी रुक्ष आहे. सराव झाला, निष्कर्ष निघाला, तर तो नाकारणाऱ्याने सही करून कारणं लिहायची, आणि निष्कर्ष व कारणं दोन्ही त्याच्याही वरच्याकडे एकत्र जायची. गुप्त ठेवा, हरकत नाही. पण एकाच टेबलावर संपू देऊ नका. ही कल्पना परदेशातून आणायला नको. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी ठेवत, एकट्याच्या हातात गड राहू नये म्हणून. कोल्हापूरच्या गादीच्या काळात लिहिलेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे, जिज्ञासूंनी वाचावं. गड एकट्यावर सोडू नये हे ज्यांना कळत होतं, त्यांना बातमीही एकट्यावर सोडू नये हे कळायला वेळ लागला नसता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'लष्करासाठी कॉर्पोरेट धडे' असा कार्यक्रम घेतला, तर जरूर जा. चहा घ्या, तक्ते बघा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा, की तुमच्या या व्यवस्थेत खालून आलेली वाईट बातमी बाजूला ठेवायची असेल तर कोणाची सही लागते? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.